दुप्पट वेगाने ऐकलेली आई

माझा स्वभाव मुळातच उतावळा. चहाला नीट उकळी फुटायच्या आत मी तो गाळते आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत 'हो, कळलं' म्हणून मोकळी होते. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना एका वळणावर 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी आहे. आईला वाचता येत नाही. एकदा एसटीतून जाताना मी ती तिला वाचून दाखवली, तर म्हणाली, "खाली तुजं नाव लिवायचं राह्यलंय बग."

नोकरी वेल्ह्याला, तालुक्याच्या कचेरीत. खोली मात्र भोरला. सकाळी भोरहून निघायचं, नसरापूर फाट्यावर गाडी बदलायची, मार्गासनीवरून वेल्हे गाठायचं. संध्याकाळी तेच उलटं. कचेरीतले विचारायचे, "मॅडम, वेल्ह्यातच खोली का घेत नाही? रोजची वणवण कशाला?" मी काहीतरी थातुरमातुर सांगायची. खरं कारण एवढंच होतं, की हिर्डोशीची एसटी भोरला येते, वेल्ह्याला येत नाही. आणि हिर्डोशीच्या वरच्या वाडीत माझी आई एकटी राहते.

मी तिची एकुलती एक. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आईला मी एकदा भोरला आणलं होतं. आठ दिवस राहिली आणि नवव्या दिवशी तिने पिशवी भरली. "तू सकाळी जातीस ती दिवं लागणीला येतीस. म्या हितं भितीशी बोलू का? तकडं निदान दोन म्हशी तरी हायत." मी तिला एसटीत बसवून दिलं आणि परत येऊन त्याच भिंतीकडे बघत बसले.

त्या वर्षी मला खात्याची परीक्षा द्यायची होती. ती पास झाल्याशिवाय बढती नाही, आणि मी आधी दोनदा आपटले होते. पुण्यात एक निवृत्त साहेब या परीक्षेचे तास घ्यायचे. त्या तासांची रेकॉर्डिंगं एका मैत्रिणीने मला मेमरी कार्डात भरून दिली. मोबाईलवर ऐकायला बसलं की मध्येच कुणाचा तरी फोन, कुणाचं तरी सुप्रभात. म्हणून भोरच्या बाजारातून काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा एक प्लेअर घेतला आणि एसटीत बसल्या बसल्या इअरफोन कानात घालून ऐकू लागले.

साहेब ज्ञानी होते, पण त्यांचं सगळं बैलगाडीच्या चालीने. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे. एक नियम दोनदा सांगायचे आणि तिसऱ्यांदा 'म्हणजे काय' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मार्गासनी यायची तरी त्यांचं रजेचं एक कलम संपायचं नाही. एक दिवस बटणं चाळवताना मला प्लेअरमध्ये वेग वाढवायची सोय सापडली. आधी सव्वापट केला. मग दीडपट. पंधरा दिवसांत मी दुपटीवर आले. साहेबांचा आवाज जरा बारीक झाला, पण खाकरणं आटोपशीर झालं आणि नसरापूर ते वेल्हे एवढ्यात त्यांचा अख्खा तास माझ्या डोक्यात जाऊ लागला. मला इतका आनंद झाला, की मी बातम्या, कीर्तनं, रेडिओवरच्या गोष्टी, सगळंच दुपटीवर ऐकायला लागले.

कानाला एक सवय लागली की तो खऱ्या माणसांनाही तसंच मोजतो. कचेरीत गुंजवण्याकडचे एक बाबा धरणात गेलेल्या जमिनीच्या कागदासाठी यायचे. दर वाक्याला थांबायचे, आठवायचे, टोपी सारखी करायचे. मी तीन वेळा त्यांची वाक्यं त्यांच्या आधी पुरी केली. चौथ्या वेळी ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ताई, तुमीच सांगा माजं. म्या ऐकतो." शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. मीही हसले, पण मनात म्हटलं, अहो बाबा, तुम्हाला एक वेगाचं बटण असतं तर किती बरं झालं असतं.

आता आईचं सांगते. वाडीत मोबाईलला रेंज नाही. धरणाच्या पाण्याकडेला एक वळण आहे, तिथे उभं राहिलं तर फोन लागतो. तिथवर उतरायला आईला अर्धा तास लागायचा आणि चढायला त्याहून जास्त. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तेही बंद झालं. माझ्या प्लेअरला आवाज भरून घेणारं लाल बटण होतं. तेव्हा मी तसलाच दुसरा प्लेअर घेतला, वाडीवर गेले आणि आईला शिकवलं: हे दाबायचं, बोलायचं, झालं की परत दाबायचं. आई तासाभरात शिकली.

आमच्याकडे एसटीबरोबर डबा पाठवायची जुनी रीत आहे. शिकायला म्हणून भोरला राहणाऱ्या पोरापोरींचे डबे असेच येतात. हिर्डोशीला मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी खाली येते. दर रविवारी आई शेजारच्या चुलतीकडून डबा रस्त्यावर पाठवायची. नाचणीच्या भाकरी, वर एखादी सुकी भाजी आणि जुन्या खणात गुंडाळलेला प्लेअर. कंडक्टर भोरच्या स्टँडवर माझ्या हातात पिशवी द्यायचे. त्यात मी साहेबांचं कार्ड घालून तो आठवडाभर वापरायची, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा आणि आधीच्या रविवारचा प्लेअर परत वर जायचा. एक येतोय, एक जातोय, असं ते चाललं.

आईचं रेकॉर्डिंग कधी चाळीस मिनिटांच्या आत आलं नाही. नमनालाच घडाभर तेल. "ऐक गं बाय. आता ऊन पडवीच्या दुसऱ्या खांबापातूर आलंया. म्या भाकरी खाऊन बसलीया. धाकली म्हस बी बसलीया, थोरली हुबीच हाय." मग कुणी आलं असेल तर ते कुठल्या वाटेने आलं, पायात काय होतं, बसलं कुठं, हे सगळं झाल्यावर ते का आलं ते यायचं. मध्येच कोंबडी घरात शिरली की ती हाकलायला उठायची आणि मशीन तसंच चालू. पाच-पाच मिनिटं नुसती तिची पावलं, भांड्याचा आवाज, लांबून 'हाड्, हाड्'. मग परत येऊन, "कुठं व्हतो आपुन?"

पहिले काही महिने मी ते साध्या वेगाने ऐकलं. रविवारी दुपारी दार लोटून घ्यायचं, डबा उघडायचा, प्लेअर समोर ठेवायचा आणि तिच्याच हातची भाकरी खात तिचं बोलणं ऐकायचं. आठवड्यातून तेवढा तास माझ्या खोलीत माणूस आहे असं वाटायचं. मी बोलत नव्हते, पण मान हलवायची.

परीक्षा जवळ आली तशी मी आईलाही दीडपटीवर घातलं. मग दुपटीवर. दुपटीवर तिचा आवाज एखाद्या बारा वर्षांच्या मुलीसारखा व्हायचा. मला त्याची गंमत वाटायची. त्या मुलीच्या बोलण्यातून मी कामाचं तेवढं टिपून घ्यायची: गोळ्या संपल्यात का, गुडघा कसा आहे, कुणाचा कागद आलाय का. बाकीचं ऊन आणि कोंबड्या कानावरून जायचं. पन्नास मिनिटांचं पंचवीस मिनिटांत उरकलं, याचा मला अभिमान वाटायचा. त्या वाचलेल्या पंचवीस मिनिटांत मी काय करत होते, ते मात्र आता आठवत नाही. बहुधा खिडकीतून रस्ता बघत बसत असेन.

परतीच्या प्लेअरमध्ये मी सुरुवातीला काहीच भरत नव्हते. तिचं पुसायचं आणि पाठवून द्यायचं. डब्यात मात्र न विसरता मूठभर साखर किंवा गुळाचा खडा घालायची, कारण कुणाचं भांडं रिकामं परत करू नये हे तिनेच मला शिकवलेलं. एकदा रेकॉर्डिंगच्या शेवटी ती म्हणाली, "डब्यात गूळ धाडलास, ग्वाड हाय. मशीन मातर रिकामंच आलं." तेव्हापासून मी दर रविवारी संध्याकाळी घाईघाईने तीन वाक्यं बोलायची. मी बरी आहे. गोळ्या वेळेवर घे. या आठवड्यात सुट्टी नाही. आई तेवढीच तीन वाक्यं पडवीत बसून आजूबाजूच्या बायकांना ऐकवायची, हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असतानाचा रविवार. मी दिवसभर साहेबांच्या मागे लागले होते. संध्याकाळी आईचं रेकॉर्डिंग दुपटीवर अर्धं ऐकलं आणि घड्याळ बघितलं, तर मुक्कामाची गाडी सुटायला दहा मिनिटं. पाठवायच्या प्लेअरमध्ये माझी तीन वाक्यं सकाळीच भरून ठेवली होती, पण टेबलावर दोन्ही प्लेअर पडले होते, एकाच कंपनीचे, एकाच काळ्या रंगाचे. एक उचलला, खणात गुंडाळला, डब्यावर ठेवला आणि पळत स्टँड गाठला.

सोमवारी नसरापूरच्या गाडीत बसून कानात घातलं आणि बटण दाबलं, तर माझाच आवाज. मी बरी आहे, गोळ्या वेळेवर घे, या आठवड्यात सुट्टी नाही. संपलं. एवढंच? मला माझंच ते ऐकून जरा कसंतरी झालं. म्हणजे माझ्याकडे ठेवायचा प्लेअर आईकडे गेला होता. त्यात साहेब होते, आणि तिचं स्वतःचं अर्धवट ऐकलेलं बोलणं होतं, दुपटीवर लावलेलं. मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. आई आता म्हशींना रजेचे नियम समजावेल, असा विनोद मनातल्या मनात केला आणि आठवडाभर साहेबांशिवाय कसं होणार, याचीच चिंता करत बसले.

पुढच्या रविवारी डबा आला. भाकरी नेहमीसारख्या होत्या. खणात तोच प्लेअर होता. मी दार लोटून बसले आणि लावलं.

"बाय म्या बरी हाय गुडघा बरा हाय गोळ्या हायत धाकली म्हस व्याली रेडी झाली चुलतीच्या घरी पावणं आलं व्हतं गेलं नाचणी काडून झाली तुजा येळ घेत न्हाई ठेवते."

मला वाटलं वेग दुपटीवरच राहिला. प्लेअर हातात घेऊन बघितलं. वेग साधा होता; नवीन काही भरलं की तो आपोआप साध्यावर यायचा. आवाजही बारीक नव्हता, तिचाच होता, सत्तरीतल्या बाईचा. मशीन धावत नव्हतं, आई धावत होती. कुठे थांबायचं ते न कळल्याने दोन शब्दांच्या मध्येच श्वास घेत होती.

मी सोमवारी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने वर गेले. वाडीची चढण चढताना शेजारची चुलती भेटली, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. "आमी समद्या बसलो व्हतो पडवीत, तुजा निरोप ऐकाया. तुज्या आयनं बटान दाबलं आन तीच बोलाया लागली की त्यातनं. पर कशी? चिमणी बोलल्यावानी. आमाला लई हसू आलं. ती बी हसली आदी." मी म्हटलं, "आणि मग?" चुलतीने भारा सारखा केला. "मग बटान दाबून बंद केलं. म्हनली, म्या येवडं बोलती ते पोरगी आसं ऐकती व्हय."

आई गोठ्यात होती. मला बघून तिला आनंद झाला, अगदी खरा. हात धुऊन आली, चुलीवर चहा ठेवला. मी दोन घोट घेतले आणि खोटं बोलले. "आई, ते मशीन बिघडलं होतं. म्हणून तसं पळत होतं."

"मशीन न्हाई बिगाडलं," आई म्हणाली. "त्यात तुजा त्यो सायेब बी व्हता. त्यो बी तसाच बोलत व्हता. म्या मनाशी म्हनलं, येवडा मोठा सायेब, त्येला बी ही पळवती. मग माजं काय घिऊन बसलीस."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या आईची समजूत काढता येते, लहानपणापासून काढत आले. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला खरोखरच पटलं होतं, की चूक तिची आहे. "तुला काम आसतं बाय. अब्यास आसतो. आन म्या आपली ऊन कुठं आलं ते सांगत बसती. मला समजाया पायजे व्हतं." मला माझी लाज वाटली. मी म्हटलं, तसं नाही, तू पूर्वीसारखं बोल, मला आवडतं. ती "व्हय व्हय" म्हणाली, आजारी माणसाला म्हणतात तसं.

बाहेर येऊन पडवीत बसले, तर दुसरा खांब नवा दिसला, ताज्या लाकडाचा. मी विचारलं, "हा कधी बदलला?"

"म्हैना झाला. वाळवी लागली व्हती. दोघं बाप्ये आलं व्हतं बदलाया, दोन दिस लागलं." मग म्हणाली, "सांगितलं व्हतं म्या तुला मशीनमदी."

सांगितलंच असेल. कुणी आणला, कुठल्या झाडाचा, उभा करताना कोण काय म्हणालं, सगळं सांगितलं असेल. मी ते गोळ्या आणि गुडघा यांच्या मधे कुठेतरी गिळून टाकलं होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथे होते. मी विचारायची, आई उत्तर द्यायची, पटकन आणि थोडक्यात. रेडी कशी झाली? चांगली झाली. कधी झाली? पहाटं. मी उकरून उकरून विचारलं, की चुलतीकडे पाहुणे कोण आले होते, तर म्हणाली, "सांगितलं की, आलं व्हतं, गेलं." पूर्वी एवढ्यावर तिने अर्धी दुपार काढली असती. आम्ही दोघी म्हशींकडे बघत बसलो. तिला पूर्वीसारखं बोलतं करणं मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. वेग वाढवायला एक बटण पुरलं होतं.

परीक्षा मी पास झाले. साहेबांची कृपा, खाकरण्यासकट. कचेरीत पेढे वाटले, शेजारच्या कारकुनाने "आता तुमच्या खुर्चीला हात टेकवायला जागा" म्हणून चिडवलं. खोलीवर आले आणि पेढ्याचा उरलेला पुडा टेबलावर ठेवला, तेव्हा लक्षात आलं, की ही बातमी जिला सांगायची तिच्यापर्यंत ती रविवारच्या गाडीनेच पोचणार. आईची रेकॉर्डिंगं त्या काळात दोन-अडीच मिनिटांची येत होती. मी ती निम्म्या वेगानेही लावून बघितली. आवाज एखाद्या पुरुषासारखा जड व्हायचा आणि घाई तशीच राहायची.

मग मी ठरवलं, की आपणच बोलायचं. शनिवारी दुपारी दार लोटून घेतलं, लाल बटण दाबलं आणि सुरुवात केली. पास झाल्याचं सांगितलं. मग काय? सहा मिनिटांत माझं सगळं आयुष्य सांगून संपलं. समोर कुणी नसताना, कुणी 'हं' म्हणत नसताना बोलणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आई हे दर आठवड्याला पन्नास मिनिटं करत होती. मी उठले, पाणी प्याले आणि परत बसले. खिडकीतून काय दिसतं ते सांगितलं. समोरच्या गिरणीवाल्याने पाटी रंगवून घेतली ते सांगितलं. एसटीत माझ्या शेजारी रोज बसणारी बाई कुठे चढते, पिशवीत काय असतं, झोप लागली की तिचं डोकं माझ्या खांद्यावर कसं येतं, ते सांगितलं. गुंजवण्याच्या बाबांचा कागद झाला आणि ते मला नुसतंच हात जोडून गेले, तेही सांगितलं. मध्ये दूध उतू गेलं, तर मशीन चालूच ठेवून उठले. बेचाळीस मिनिटं झाली. डब्यात पेढे घातले, प्लेअर दोनदा तपासला आणि रविवारी कंडक्टरच्या हातात पिशवी दिली. आता आई पूर्वीसारखी बोलेल, याची मला इतकी खात्री होती, की तो आठवडा मी दिवस मोजत काढला.

रविवारी डबा आला. मी भाकरी बाजूला ठेवली आणि आधी प्लेअर लावला.

"बाय तुजं समदं ऐकलं दोनदा ऐकलं लई बरं वाटलं पेडं वाटलं समद्यास्नी. पर येवडं बोलाया तुला येळ कसा गावला नोकरी गेली का काय तुजी? पास झाली म्हनतीस पर म्या आय हाय मला कळतं. गेली आसंल तर लाजू नगंस हिकडं ये भात हाय घरात दूध हाय. म्या बरी हाय म्हशी बऱ्या हायत रेडी बरी हाय ठेवते."

एक मिनिटही भरलं नव्हतं. नोकरी गेलेल्या लेकीला धीर द्यायचा, घरी बोलवायचं, भात आहे म्हणून सांगायचं, एवढं सगळं तिने एका दमात उरकलं होतं, माझा वेळ जाऊ नये म्हणून.